पाय थकल्यावर कुठे? वृद्धाश्रम नावाच्या संस्थेची वाटचाल

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की मांजरसुंब्याच्या परिसरात कपिलधारचा फाटा येतो. बालाघाटाच्या डोंगरातली ही घळ म्हणजे संत मन्मथ स्वामींचं समाधिस्थान. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या या वीरशैव संताच्या दर्शनाला कार्तिकी पौर्णिमेला महाराष्ट्रातून तर लोक येतातच, कर्नाटक आणि तेलंगणातूनही येतात. त्यातले कितीतरी पायी येतात. या पदयात्रेशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, ते अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज १ सप्टेंबर २०२० रोजी गेले. तेव्हा त्यांचं वय १०४ होतं असं सांगतात.

असे पाय सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. खेड्यात म्हातारपण जन्मतारखेवरून कमीच मोजतात. अमका औंदा दिंडीला आला नाही, एवढ्यावर लोकांना काय ते कळतं. पहिल्या वर्षी गुडघ्याचं निमित्त होतं, दुसऱ्या वर्षी ‘गाडीनं येतो’ म्हणतात, तिसऱ्या वर्षी घरच्यांच्या हाती नारळ पाठवतात. बीड जिल्ह्यातली देवस्थानंही अशी की एक तर गडावर, नाहीतर घळीत. नारायणगड, गहिनीनाथगड, सीमेवरचा भगवानगड ही नावंच सांगतात. परळीच्या वैद्यनाथाला दगडी पायऱ्या आहेत, बीडचं कंकालेश्वर पाण्यात उभं आहे, कपिलधारच्या धबधब्याकडे जायचं तर उतरावं लागतं. देव भेटायला पाय लागतात हे आपण धरूनच चाललोय. देवाचं एक वेळ ठीक आहे. पाय गेलेल्या माणसाला स्वतःच्या घरात राहता येतं का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ज्या संस्थेकडे मागायचं तिचं नाव वृद्धाश्रम. या संस्थेला महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षं झाली. तिची वाटचाल सरळ रेषेत झालेली नाही. माझ्या मते ती सुरुवातीला बरोबर ठिकाणी उभी होती, मध्ये भरकटली, आणि आता कुठे परतू लागली आहे, तीही पैसेवाल्यांच्या दारातून.

आधी घराचं बघू. मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर म्हणजे उंच जोतं, त्यावर ओसरी, मग उंबरठा, मग आत अंधार. मोरी एका कोपऱ्यात, आणि संडास असलाच तर अंगणापलीकडे. सरकारी अनुदानातून गावोगावी संडास झाले ही चांगलीच गोष्ट झाली. पण खड्ड्यावर बांधायचे म्हणून त्यातले पुष्कळ दोन-तीन पायऱ्या उंच झाले, आणि आत उकिडवं बसायची सोय. गुडघे गेलेल्या माणसाला तिथं बसता येत नाही, बसलाच तर उठता येत नाही. मग म्हातारी माणसं एक उपाय काढतात, जो कुठल्याच डॉक्टरनं सांगितलेला नसतो: संध्याकाळनंतर पाणीच प्यायचं नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून. घरात सून चांगली आहे, मुलगा विचारपूस करतो, ताटात भाकरी वेळेवर येते, आणि तरीही तो माणूस त्या घरात कैदेत आहे, असं चित्र असू शकतं. आपल्या मनात मात्र वृद्धाश्रमाची गोष्ट पोरांच्या वागण्यापाशी सुरू होते आणि तिथंच संपते. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं. तेव्हापासून, खरं तर त्याआधीपासूनच, म्हातारपणाच्या मराठी गोष्टीत दोषी शोधायचा तो लेकीत, जावयात, मुलात, सुनेत. जिन्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस या मुंबईच्या संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर वार्धक्याची मोठी पाहणी केली. तिच्यात साठीपुढच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांनी सांगितलं की अंघोळ, कपडे, खाणं, चालणं, अंथरुणातून उठणं, संडासला जाणं यांपैकी किमान एक गोष्ट करणं अवघड जातं. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक १० कोटी ३८ लाखांच्या घरात होते. महाराष्ट्रात शंभरात जवळजवळ दहा. राज्यातल्या या लोकांचा चौथा हिस्सा काढला की पंचवीस लाखांच्या पुढे माणसं होतात, आणि लोकसंख्या त्यानंतर वाढलीच आहे. या सगळ्यांना काही मुलांनी टाकलेलं नाही.

आता संस्थेकडे. मुंबईत पांजरपोळ १८३४ साली निघाला. भाकड गाई आणि बेवारस जनावरं यांच्यासाठी. पुण्यात थकलेल्या माणसांसाठी घर निघालं १८६३ साली. जनावरांचा नंबर आधी लागला म्हणून कुणाला हसायचं असेल तर हसावं. मला त्यात दानधर्माची आपली जुनी सवय दिसते: मुक्या जिवाला देताना हात आखडत नाही, माणसाला देताना आपण त्याची पात्रता तपासतो. पुण्यातल्या त्या घराचं नाव डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह. डेव्हिड ससून हे बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले ज्यू व्यापारी. पुण्यातलं ससून रुग्णालय आणि लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यांच्याच दानातून उभं राहिलं. अनाथ पंगू गृह निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, ते पुण्यात वारले आणि लाल देवळाच्या आवारातच त्यांचं दफन झालं. नवी पेठेतली ती संस्था आज ‘निवारा’ या नावानं चालू आहे. पुण्यातल्या चळवळीतल्या लोकांना ‘निवारा’ आठवतो तो तिथल्या सभागृहातल्या बैठकांमुळे. त्या सभागृहाला लागून दीडशे वर्षांपासून म्हाताऱ्यांचं घर आहे, हे अनेकांच्या ध्यानात नसतं.

‘पंगू’ आज कुणी कुणाला म्हणत नाही आणि म्हणूही नये. पण त्या जुन्या नावात दाराची अट लिहिलेली होती. ज्याला चालता-फिरता येत नाही आणि ज्याच्यामागे कुणी नाही, त्याच्यासाठी हे घर. दोन्ही गोष्टी एकत्र धरलेल्या. पुढच्या शंभर वर्षांत यातली एकच गोष्ट उरली, ‘कुणी नाही’ ही. दुसरी गळून पडली.

बीडकरांना अर्थात पुण्याच्या या दानाचा काही उपयोग नव्हता. बीड निजामाच्या राज्यात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. इथं थकलेल्याला आधार होता तो मठाचा, दर्ग्याचा, देवस्थानाचा. लिंगायत परंपरेत दासोह आहे, म्हणजे आलेल्याला जेवू घालणं हे धर्मकर्तव्य. मठाच्या ओवरीत पडून राहणाऱ्याला कुणी हाकलत नसे. दोन घास मिळत, सोबत मिळे, भजन कानावर पडे. या व्यवस्थेला नावं ठेवायचं कारण नाही. पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती पोटाची सोय होती. उचलून बसवायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, हे काम दासोहात येत नव्हतं. ते घरातल्या बाईच्या वाट्याचं, आणि घर नसेल तर कुणाच्याच नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ साली वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना आली. पुरुष साठीचा, बाई पंचावन्नची, आणि निराधार. खासगी संस्थांनी आश्रम चालवायचे, सरकारनं डोईमागे अनुदान द्यायचं. पुढे १९८० मध्ये राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, म्हणजे फेस्कॉम, स्थापन झाला. म्हातारी माणसं स्वतःच संघटित होऊन मागण्या करू लागली, ही त्यातली नवी गोष्ट. १९९५ला युती सरकारनं मातोश्री वृद्धाश्रम योजना काढली. शंभर जणांची सोय. ज्यांचं वार्षिक उत्पन्न बारा हजारांच्या वर त्यांच्याकडून महिना पाचशे रुपये घ्यायचे, बाकीच्यांना मोफत. पैसे देऊन राहण्याची कल्पना सरकारी योजनेत आली ती इथं. ‘अनाथ’ या अटीला पहिली फट पडली. पोरं असली, पेन्शन असली, तरी माणूस तिथं राहायला जाऊ शकतो, हे सरकारनं कागदावर मान्य केलं.

पायाचा विषय मात्र या कुठल्याच टप्प्यावर आला नाही. उलट झालं. कुठल्याही बऱ्या वृद्धाश्रमाचा प्रवेश अर्ज घेऊन बघा, बहुतेक ठिकाणी एक अट सापडेल. स्वतःची दैनंदिन कामं स्वतः करता आली पाहिजेत. अंथरुणाला खिळलेल्यांना प्रवेश नाही. संसर्गजन्य आजार, मानसिक आजार असलेल्यांना नाही. म्हणजे १८६३ साली ज्याच्यासाठी दार उघडलं होतं, नेमका तोच माणूस आता दाराबाहेर. धडधाकट म्हाताऱ्याला जागा आहे, थकलेल्याला नाही. आणि आत राहायला गेलेला माणूस दोन-चार वर्षांनी मोरीत घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, की संस्थेचा फोन नातेवाइकांना जातो: यांना घेऊन जा.

संस्थाचालकांना यात खलनायक करून चालणार नाही. त्यांची अडचण खरी आहे. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि त्या एकदा झाल्या की भरता भरत नाहीत. दिवसाला बारा वेळा, रात्रीसुद्धा. उचलायला एक जण पुरत नाही, दोघं लागतात, आणि उचलायची रीत माहीत नसेल तर उचलणाऱ्याचीही कंबर जाते. ज्यांना आपण सगळीकडे मावशी आणि मामा म्हणतो, ती माणसं तुटपुंज्या पगारावर हे करतात आणि वर्षभरात सोडून जातात. डोईमागे ठरलेल्या अनुदानात चालणारा आणि न चालणारा यांत फरक नाही. मग जो चालतो त्यालाच घ्यावं, हा हिशेब कुणीही करील. दोष असेल तर तो हिशेब तसा घालून देणाऱ्या धोरणाचा आहे.

अपवाद झाले. पुण्यात डॉ. विनोद शहा यांनी १९८८ मध्ये जनसेवा फाउंडेशन सुरू केलं. पानशेत रस्त्यावर आंबी इथं त्यांचा वृद्धाश्रम आहे, आणि अंथरुणावरच्या, रस्त्यावर सापडलेल्या म्हाताऱ्यांना घेणं हे त्यांनी काम मानलं. मुंबईत शैलू श्रीनिवासन यांच्या डिग्निटी फाउंडेशननं १९९५पासून ज्येष्ठांसाठी काम सुरू केलं आणि पुढे माथेरानच्या पायथ्याशी, नेरळला, ज्येष्ठांची वसाहत उभी केली. स्मृतिभ्रंश झालेल्यांची देखभालही तिथं आहे. या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात परांजपे स्कीम्सचे ‘अथश्री’ प्रकल्प आले. त्यांनी जे केलं ते आपल्याकडे तोवर कुणी मोठ्या प्रमाणावर केलं नव्हतं. त्यांनी म्हाताऱ्यांना फ्लॅट विकला. आश्रम नाही, घर. स्वतःची किल्ली, स्वतःचं स्वयंपाकघर, आणि खाली डॉक्टर, जेवणघर, कार्यक्रमाचा हॉल. न्हाणीघरात धरायला दांडे, घसरणार नाही अशी फरशी, चाकाची खुर्ची जाईल असे रस्ते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात सन सिटी नावाचं निवृत्तांचं गाव १९६० साली विक्रीला निघालं होतं. तिथं भर होता गोल्फवर, पोहण्यावर, मौजेवर. मराठी मध्यमवर्गानं ती कल्पना घेतली तेव्हा तिच्यात गोल्फच्या जागी दिवाळी पहाट आणि वाचनालय आलं. चांगलंच झालं. पण ज्याचा पुण्यात विकायला एक फ्लॅट आहे त्यानं दुसरा घ्यायचा, असा हा मामला. परळीच्या निवृत्त शिक्षकाला तो परवडेलही. पण पाटोद्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला नाही.

कायद्याची बाजू या सगळ्यात रांगत आली. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला, महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू झाला. त्यातली पोटगीची कलमं सगळ्यांना माहीत झाली: उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत मिळू शकतात. कलम १९ कुणी वाचत नाही. प्रत्येक जिल्ह्यात सुरुवातीला किमान एक, आणि किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम सरकारला काढता येईल, असं ते म्हणतं. काढता येईल, काढलाच पाहिजे असं नाही. सतरा-अठरा वर्षं ज्या तरतुदीवर आपण विसंबून आहोत ती सरकारला मुभा देते, बंधन घालत नाही, आणि तिथंही अट पुन्हा ‘निराधार’ हीच.

पायांचा उल्लेख स्पष्टपणे आला तो बांधकामाच्या नियमांत. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयानं २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वं काढली. राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणानं, म्हणजे महारेरानं, मे २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांचे किमान निकष ठरवले. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी. दार नऊशे मिलिमीटरपेक्षा अरुंद नको. जिन्याला कठडे हवेत, न्हाणीघरात धरायला दांडे हवेत, फरशी निसरडी नको, चाकाची खुर्ची इमारतीत सगळीकडे फिरली पाहिजे. आता कुठल्याही बिल्डरनं नुसतं ‘सिनिअर लिव्हिंग’ लिहून दर वाढवायचा आणि आत नेहमीचाच फ्लॅट द्यायचा, हे निदान नियमात बसत नाही. १८६३ साली असलेली आणि मध्ये हरवलेली ती पायांची अट अशी एकविसाव्या शतकात परत आली. पण आली ती विकाऊ घरांना. अनुदानावर चालणाऱ्या आश्रमांना महारेराचा हा नियम लागत नाही.

इथं बीडसारख्या जिल्ह्याची एक गंमत आहे आणि ती कुणी नीट लक्षात घेतलेली दिसत नाही. पुण्यात जागा महाग म्हणून इमारत वर चढते, वर चढली की लिफ्ट लागते, लिफ्ट लागली की जनरेटर लागतो, देखभाल लागते, आणि महिन्याचा खर्च वाढतो. बीडमध्ये गावाबाहेर जागा आहे. एकमजली, सपाट, ओळीत खोल्या, मध्ये अंगण, एवढं केलं तरी अर्ध्या नियमांचं काम होतं. उताराचं गणित साधं आहे. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हे प्रमाण धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांब उतार. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट. शहरात एवढी जागा दाराबाहेर कुणाकडे नसते. खेड्यात असते. किंवा मग जोतंच अर्ध्या फुटाचं बांधावं आणि सहा फुटांत काम उरकावं. खुर्ची जागच्या जागी वळायला सुमारे दीड मीटर मोकळी जागा लागते, तेवढी न्हाणीघरात सोडायची. गवंड्याला हे एकदा समजावून सांगितलं की झालं. याला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

लागतं ते दुसरंच, आणि ते बीडमध्ये कमी आहे: डॉक्टर आणि सेवा करणारी माणसं. जिल्हा रुग्णालय बीडला, वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला. मधल्या गावातल्या माणसाचं हाड मोडलं तर त्याला जीपमध्ये घालून न्यायचं. म्हणून अशी वसाहत डोंगरातल्या निवांत जागी काढायचा मोह टाळावा. निसर्ग छान असतो, हवा छान असते, आणि रुग्णवाहिका पोहोचायला तास लागतो. थकलेल्या माणसाला धबधब्यापेक्षा दवाखाना जवळ हवा. वसाहत हमरस्त्यालगत, तालुक्याच्या गावाजवळ, एसटीच्या थांब्यापाशी असावी. एसटीचंही तसंच आहे म्हणा. २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना राज्यात एसटी मोफत आहे, आणि पहिली पायरी अजून गुडघ्याएवढी उंच.

बीडचं म्हातारपण आणखी एका कारणानं वेगळं आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, पाच-सहा महिने. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजना मंजूर झाली. मुलांची सोय व्हायलाच हवी. पण ज्या आजीच्या भरवशावर ती मुलं आजवर गावात राहिली, तिची सोय कोण बघणार? तिला चालता येत होतं तोवर ती फुकटची वसतिगृहाची अधीक्षक होती. गुडघे गेले की हंगामातले सहा महिने तिला बघणारं कुणी नाही. अंबाजोगाईच्या मानवलोकनं, डॉ. द्वारकादास लोहिया यांच्या या संस्थेनं, काही गावांत निराधार म्हाताऱ्यांसाठी सामूहिक रसोया चालवल्या. आश्रमात नेण्याऐवजी जेवण गावातच. ही कल्पना मला आश्रमाहून शहाणी वाटते, एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा पुन्हा तीच: ताट घ्यायला किंवा ताट आल्यावर उठून बसायला तरी जमलं पाहिजे.

२०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टीपुढच्या, कमी उत्पन्नाच्या माणसाच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये, चष्मा, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यांसाठी. तीन हजारांत कमोडची खुर्ची येते. ती ठेवायला सपाट जागा आणि तिथवर जायला बिनउंबरठ्याची वाट घरात नसेल तर ती माळवदावर चढते. वस्तू दिली की प्रश्न सुटला असं आपल्या योजनांना फार लवकर वाटतं.

मग जायचं कधी? या प्रश्नावर घराघरांत जे बोलणं होतं ते बहुधा चुकीच्या दिवशी होतं, म्हणजे पडल्यानंतर. दवाखान्याच्या व्हरांड्यात, भाऊ-बहिणी एकमेकांकडे बघत असताना. तेव्हा निवड उरलेली नसते, जिथं जागा मिळेल तिथं टाकायचं असतं, आणि ‘टाकलं’ हा शब्द मग खराच ठरतो. हात-पाय चालते असताना माणूस गेला तर तो जागा बघून निवडतो, शेजारी जोडतो, न्हाणीघराची वाट अंधारातही ओळखू लागतो, मावशींची नावं पाठ करतो. पुढे पाय गेले तरी तो परक्या ठिकाणी नसतो. हे मला पटतं, आणि तरी आपल्या माणसांना ते सांगणं किती अवघड आहे हेही मला कळतं. ज्या ओसरीवर बसून येणारा-जाणारा ‘कसं काय आबा’ म्हणत होता ती ओसरी सोडायची, तीही अजून बरं असताना. गावात याला वेडेपणा म्हणतील. म्हणोत. पण जाण्याआधी एक काम करावं: शेत आणि घर मुलांच्या नावे करून मोकळं होऊ नये. ज्यानं सगळं आधीच दिलं त्याच्या हाती कुठं राहायचं ते ठरवण्याची ताकद राहत नाही. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केलं असेल आणि अट पाळली गेली नाही, तर २००७च्या कायद्याचं कलम २३ ते रद्द करण्याची वाट देतं. पण ती अट कागदावर असेल तरच ही वाट सोपी जाते, त्यामुळे नोंदणीच्या वेळी ती लिहूनच घ्यावी.

संस्थांना आणि देवस्थानांना एक विनंती. मराठवाड्यातल्या देवस्थानांकडे जमीन आहे, अन्नछत्र आहे, श्रद्धेनं श्रम देणारी माणसं आहेत. वृद्धाश्रमाला जागा, जेवण आणि सेवा हे जे तीन खांब लागतात, त्यातले हे दोन-अडीच झाले. भक्तनिवास बांधताना तळमजल्यावरच्या चार खोल्या बिनउंबरठ्याच्या, रुंद दारांच्या, कमोडच्या आणि दांड्यांच्या करायला किती खर्च येतो? आधी यात्रेकरूंना त्या उपयोगी पडतील. दिंडी सुटलेला माणूस गाडीनं का होईना दर्शनाला येईल, एक रात्र राहील. पुढे त्यातूनच हंगामापुरती, म्हणजे ऊसतोडीच्या सहा महिन्यांपुरती, मागे राहिलेल्यांची सोय करता येईल. कपिलधारला दासोहाची परंपरा आहे. तिच्यात सेवेचं हे काम मिळवायला शास्त्राची आडकाठी नाही. सरकारला विनंती वेगळी: डोईमागे अनुदान देताना चालणारा आणि अंथरुणावरचा यांचा दर वेगळा करा. अंथरुणावरच्या माणसामागे जास्त पैसे मिळाले तर प्रवेश अर्जातली ती अट गळायला वेळ लागणार नाही.

आणि वाचकाला एवढंच. स्वतःसाठी किंवा आई-वडिलांसाठी अशी जागा बघायला जाल तेव्हा बाग, देऊळ, जेवणाचा तक्ता हे सगळं नंतर बघा. आधी न्हाणीघरात जाऊन दाराची रुंदी मोजा. मग कार्यालयात बसून एक प्रश्न विचारा: मी आज चालतोय, उद्या चालता आलं नाही तर मला ठेवणार की परत पाठवणार? तोंडी उत्तर ऐकून उठू नका, लेखी मागा. लेखी द्यायला कां-कूं करणाऱ्या संस्थेत पैसे भरू नका. अडचण आली तर ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ आहे, त्याला पैसे पडत नाहीत.